स्थानिक वाहिनीवर आरोग्याच्या बातम्या : निवेदकाला नेमकं काय काय यायला हवं?

अनुस्वार

नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी झाली आहे आणि पुण्यातच पत्रकारितेचं शेवटचं सत्र चालू आहे. पुढे स्थानिक वृत्तवाहिनीवर निवेदन करायचंय, आणि आरोग्य हा माझा विषय व्हावा असं मनापासून वाटतं. वर्गात दोन्हींबद्दल जे शिकवतात ते वरवरचं आहे. निवेदनाच्या तासाला उच्चार आणि बसण्याची ढब, आरोग्याच्या तासाला ‘बातमी जबाबदारीने द्या’. ती जबाबदारी म्हणजे रोज सकाळी उठून काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

थेट निवेदक म्हणून अर्ज करावा की आधी बातमीदारी? ऑडिशनला प्रत्यक्षात काय करून घेतात? साथीच्या दिवसांत एकाच संध्याकाळी दोन वाहिन्यांवर दोन वेगळे आकडे दिसतात, तेव्हा वाचणाऱ्याने कोणता धरायचा आणि कशावरून? रुग्णालयात चित्रीकरणाचे नियम काय? आणि रोज दोन-तीन बुलेटिनं वाचायची तर आवाज कसा टिकवायचा? या क्षेत्रातल्यांनी तपशिलात लिहिलंत तर फार मदत होईल.

रनडाउन

आधी फील्ड. आरोग्यासाठी तर नक्कीच.

मोठ्या मराठी वृत्तवाहिन्यांचा पुण्यात असतो तो ब्युरो, म्हणजे बातमीदार, कॅमेरामन आणि लाइव्हसाठी बॅकपॅक (थेट प्रक्षेपणाचं पाठीवरचं यंत्र). बुलेटिन वाचलं जातं ते मुख्यतः मुंबईच्या स्टुडिओतून. पुण्यात बसून रोज पडद्यावर यायचं तर केबलवरच्या शहरी वाहिन्या आणि वेब वाहिन्या उरतात. तिथे बातमी आणणारा, कॉपी लिहिणारा, वाचणारा आणि बरेचदा एडिटला बसणारा माणूस एकच असतो. नुसतं ‘मी निवेदन करते’ हे त्यांना परवडत नाही. ‘आरोग्य बीट सांभाळते, स्वतःची कॉपी लिहिते आणि वाचते’ म्हटलंत (बीट म्हणजे बातमीदाराचा ठरलेला विषय, कॉपी म्हणजे बातमीचा मजकूर) की बोलणं पुढे सरकतं. शिवाय आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग विसरू नका. तिथे हंगामी वृत्तनिवेदक-भाषांतरकारांची यादी तयार करतात. जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. वाचनाची शिस्त लागायला त्यासारखी जागा नाही.

ऑडिशनचे साधारण चार तुकडे असतात. दीड-दोन मिनिटांचं प्रॉम्प्टरवाचन (कॅमेऱ्यासमोर सरकणारा मजकूर वाचणं), मग प्रॉम्प्टर बंद करून हातातल्या कागदावरून तीच बातमी, मग एखादा विषय देऊन मिनिटभर न थांबता बोलणं, आणि शेवटी फोनो. फोनोमध्ये कानातल्या टॉकबॅकवर कोणीतरी बातमीदार होऊन बोलतो आणि मध्येच अर्धवट माहिती देतो. तुम्ही पुढचा प्रश्न काय विचारता, हेच त्यात पाहतात. बहुतेक मुलं पहिल्या तुकड्याची तयारी करून येतात आणि शेवटच्या दोनांत अडखळतात.

प्रॉम्प्टरवर डोळे डावी-उजवीकडे फिरताना दिसले की वाचन ‘वाचन’ वाटतं. त्याचं कारण नजर नसते, अंतर असतं. कॅमेरा फार जवळ आणि ओळ फार रुंद असली की डोळे फिरणारच. ओळीत चार-पाच शब्दच मावतील एवढा टाइप मोठा करून मागा आणि खुर्ची थोडी मागे घ्या. प्रॉम्प्टर चालवणारा तुमच्या वेगाने चालतो, तुम्ही त्याच्या वेगाने नाही. घाबरून वेग वाढवलात की तोही वाढवतो आणि मग दोघंही पळत सुटता. शंभर शब्दांचा मजकूर घ्या, बातमीच्या सुरात वाचा आणि सेकंद मोजा. हे दहा दिवस केलंत की स्वतःचा वेग कळतो आणि ‘वीस सेकंदांची लिंक लिही’ म्हटल्यावर किती शब्द लिहायचे, ते आपोआप येतं. अँकर लिंक (बातमीआधीचं निवेदकाचं बोलणं) वीस ते तीस सेकंद, बाइट (बातमीतल्या माणसाचं बोलणं) दहा ते पंधरा, पॅकेज (चित्रांसह तयार बातमी) दीड ते दोन मिनिटं, हे माप अंगवळणी पडू द्या.

आरोग्याच्या कॉपीत आकडे फार. प्रॉम्प्टरवर ते अंकांत ठेवू नका, अक्षरांत लिहा. १०९३ दिसलं की जीभ ‘एक हजार ब्याण्णव’ म्हणून मोकळी होते. ‘एक हजार त्र्याण्णव’ असं लिहिलं असेल तर चूक होत नाही. लाखाच्या पुढे सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच वापरा, कानाला लगेच कळतं. पण मृतांचा आकडा कधीही असा गोल करायचा नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात. बारीक रेघांचं किंवा बारीक चौकड्यांचं कापड नको, पडद्यावर लहरी उठतात. मागे क्रोमा (हिरवा पडदा) असेल तर हिरव्याची छटासुद्धा नको. कॉलरला लावायच्या लॅपल माइकवर मंगळसूत्र, माळ किंवा ओढणी घासली की प्रत्येक हालचालीला खरखर येते आणि ती एडिटमध्ये काढता येत नाही.

साथपाहणी

आकड्यांबद्दल लिहितो, कारण आरोग्याच्या बातमीतल्या निम्म्याहून अधिक चुका तिथेच होतात. दोन वाहिन्यांवर दोन आकडे दिसले की कोणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं. बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, मोजलेली गोष्ट वेगळी असते.

पहिली गोष्ट, हद्द. ‘पुण्यात’ हा शब्द आरोग्याच्या बातमीत एकटा वापरूच नका. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, जिल्हा परिषदेचा ग्रामीण भाग, आणि पुणे, खडकी, देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट बोर्डं, या सगळ्यांच्या नोंदी वेगवेगळ्या होतात. २०२५ मधल्या जीबीएसच्या (गुलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) वेळी राज्याच्या पत्रकात पुणे महापालिका, समाविष्ट गावं, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे असे वेगळे रकाने होते. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हा पट्टा ‘शहरात’ मोजायचा की ‘समाविष्ट गावांत’, एवढ्यानेच शहराचा आकडा बदलत होता. जुन्या वर्षांशी तुलना करताना तर जास्तच सांभाळा. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. २०१६ चा आकडा आणि त्यानंतरचा आकडा एकाच शहराचा नाही. त्यात पुन्हा रुग्ण सातारा किंवा नगरकडचा असतो आणि उपचार पुण्यात चालू असतात. यादी पत्त्यावरून केली की रुग्णालयावरून, हा प्रश्न रोज विचारायचा.

दुसरी गोष्ट, संशयित की निश्चित. डेंग्यूचं उदाहरण घ्या. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ प्रतिजन (विषाणूचाच अंश) सापडतं, त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडं (शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली). खासगी दवाखान्यात रॅपिड कार्डावर ‘पॉझिटिव्ह’ आलेला रुग्ण सरकारी हिशेबात संशयितच राहतो. एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीत आला तर निश्चित. (आयजीएम एलायझाचे संच देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांना आपल्या पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते, हे बीट घेणाऱ्याला माहीत हवं.) म्हणून महापालिकेच्या पत्रकात संशयित शेकड्यांत आणि निश्चित त्याच्या कितीतरी कमी दिसतात. कोणी ‘प्रशासन आकडे लपवतंय’ म्हणतं, कोणी नुसते संशयित घेऊन ‘डेंग्यूचा कहर’ म्हणतं. दोन्ही आकडे नावासकट वाचा: ‘संशयित इतके, त्यांपैकी चाचणीत निश्चित झालेले इतके’. वाक्य चार शब्दांनी वाढतं, पण खरं राहतं.

मृत्यूचंही तसंच. डेंग्यू झालेला रुग्ण दगावला म्हणजे मृत्यू डेंग्यूनेच, असं नोंदवलं जात नाही. समिती कागदपत्रं तपासते आणि मग कारण ठरतं, त्याला दिवस लागतात. तोपर्यंत ‘संशयित मृत्यू’ हाच शब्द.

तिसरी गोष्ट, तारीख. आकडा १ जानेवारीपासूनचा एकूण आहे, या महिन्याचा आहे की आजचा? एकूण आकडा कधी कमी होतच नाही, त्यामुळे ‘रुग्णसंख्या वाढतीच’ हे वाक्य त्यावर कायम खरं ठरतं आणि म्हणूनच निरर्थक असतं. साथ चढते आहे की उतरते आहे ते आठवड्याच्या नव्या रुग्णांवरून कळतं. पुण्यात डेंग्यू पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो, तेव्हा ऑगस्टची तुलना मे महिन्याशी करून घबराट करण्यात अर्थ नाही, मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी करा.

आणि टक्के. चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं, तर ते ‘२ टक्क्यांनी वाढलं’ म्हणणं चूक आहे. वाढ ५० टक्क्यांची आहे, किंवा दोन टक्केबिंदूंची. सगळ्यात बरं म्हणजे ‘चारचं सहा झालं’ असंच सांगावं. मोठ्या आवाजात ‘धोका दुप्पट’ म्हणायच्या आधी मूळ धोका विचारा. लाखात एकाचा लाखात दोन झाला तरी तो दुप्पटच असतो.

जीबीएसच्या शब्दांबद्दल खास सांगतो. ‘जीबीएसची लागण’, ‘जीबीएसचा संसर्ग’ ही रचनाच चुकीची आहे. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही. आधी पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग होतो, आणि त्याविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती पुढच्या एक ते तीन आठवड्यांत स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा हे त्याचं मुख्य लक्षण. २०२५ मध्ये पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले होते. म्हणजे पसरतो तो पोटाचा संसर्ग. हे वाक्य निवेदकाने रोज एकदा म्हटलं तर शेजारी राहणाऱ्या रुग्णाच्या घरी जायला लोक घाबरणार नाहीत. हा आजार एरवीही वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतच असतो. पन्नास लाखांच्या वस्तीत वर्षाला पन्नास ते शंभर रुग्ण विखुरलेले असणार. बातमी असते ती थोड्या दिवसांत, थोड्या जागेत ते एकत्र दिसण्याची.

पाण्याच्या बातमीत ‘पाणी शुद्ध असल्याचा अहवाल’ आला की विचारा: कोणती चाचणी? ओटी चाचणीत पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, त्यावरून उरलेलं क्लोरीन कळतं. नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. हे मिनिटात होतं आणि कॅमेऱ्यासमोर दाखवता येतं. पण नमुना टाकीजवळचा नको, वाहिनीच्या शेवटच्या घराचा हवा. क्लोरीन कमी पडतं ते तिथे. जिवाणूंची चाचणी म्हणजे नमुना वाढवणं, त्याला किमान एक-दोन दिवस लागतात. सकाळी नमुना घेऊन संध्याकाळी ‘जिवाणू नाहीत’ असं कोणी सांगत असेल तर ते फक्त क्लोरीनबद्दल बोलतायत. तुमचा अभ्यासाचाच विषय आहे, इथे तुम्ही इतरांच्या पुढे आहात.

काही शब्द कायमचे पक्के करा. जिवाणू आणि विषाणू वेगळे. प्रतिजैविकं जिवाणूंवर, विषाणूंवर नाहीत. प्रतिजन म्हणजे अँटिजेन, प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, आणि दोन्हींना ‘रोगप्रतिकारक’ म्हणून भागवायचं नाही. हृदयविकाराचा झटका म्हणजे रक्तवाहिनी अडणं, हृदयक्रिया बंद पडणं ही निराळी घटना. आणि डेंग्यूत प्लेटलेटचा आकडा हेडलाइनला नेऊ नका. ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवस सगळ्यात जपायचे असतात, पोटात जोराने दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही धोक्याची चिन्हं. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा बाहेरून देत नाहीत. बुलेटिनमध्ये ‘प्लेटलेट पन्नास हजारांवर’ असं भीतीच्या सुरात वाचलं की रक्तपेढ्यांसमोर विनाकारण रांगा लागतात.

अनुस्वार

@साथपाहणी, खूप आभार, छापून ठेवावं असं आहे. एक शंका: हे पत्रक नवशिक्या बातमीदाराला मिळतं कुठे? आणि आकडा यायच्या आधीच लाइव्ह लागलं तर?

साथपाहणी

महापालिकेचा आरोग्य विभाग, जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, पिंपरी-चिंचवडचा वैद्यकीय विभाग आणि राज्यपातळीवरचं साथरोग सर्वेक्षण, असे चार दरवाजे आहेत. चारही ठिकाणी आकडा कितीच्या सुमाराला अद्ययावत होतो ते विचारून ठेवा आणि रोज त्याच वेळी फोन करा. पत्रकावर ‘अमुक वेळेपर्यंत’ असं असेल तर ती वेळ कॉपीत घ्या. समाजमाध्यमांवर फिरणारं पत्रक तारीख, वेळ आणि कार्यालयाचं नाव पाहिल्याशिवाय वापरायचं नाही. जुनं पत्रक नव्या तारखेला फिरतं, ही दर साथीतली गोष्ट.

जे पत्रकात येत नाही त्यासाठी माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘डेंग्यूबद्दल सर्व माहिती द्या’ असा अर्ज फेटाळायला सोपा असतो. ‘अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत जून ते सप्टेंबर या काळात डास उत्पत्तीबद्दल दिलेल्या नोटिसांची संख्या आणि वसूल दंड, महिनावार’ असा मागा.

कॅमेऱ्यामागून

रुग्णालयातल्या चित्रीकरणाचं मी सांगतो.

ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात परवानगी अधिष्ठाता कार्यालयाकडून, महापालिकेच्या रुग्णालयात आरोग्य विभागाकडून, खासगीत व्यवस्थापनाकडून. फोनवरची ‘हो’ दारावरच्या सुरक्षारक्षकाला कळलेली नसते, लेखी किंवा किमान संदेशाच्या रूपात ठेवा. अतिदक्षता विभागात कॅमेरा न्यायचाच नाही. काचेबाहेरूनही नको, मॉनिटरवर रुग्णाचं नाव असतं.

रुग्णाची संमती ही रुग्णालयाच्या परवानगीपेक्षा वेगळी. ती रुग्णाची, तो शुद्धीवर नसेल तर जवळच्या नातेवाइकाची, आणि मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची. संमती घेताना ‘हे टीव्हीवर आणि यूट्यूबवर दिसेल, आणि यूट्यूबवरचं काढून टाकलं तरी दुसऱ्यांनी घेतलेलं राहील’ एवढं स्पष्ट सांगा. बऱ्याच जणांना टीव्हीवर एकदा दिसून संपेल असं वाटतं. चेहरा धूसर केला म्हणजे ओळख लपली, हा मोठा गैरसमज आहे. आवाज, बोलण्याची लकब, मागचा वाड्याचा दरवाजा, हातातली केसपेपरची फाइल, मनगटावरची पट्टी, यांवरून गल्लीतले लोक ओळखतात. पाठमोरं बसवा, आवाज बदला, कागद फ्रेमबाहेर ठेवा.

दोन कायदे पाठ हवेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा इतर माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयाची बातमी करताना हे रोज आठवायचं. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ मध्येही गोपनीयतेची तरतूद आहे. आत्महत्येची बातमी असेल तर पद्धत, ठिकाण आणि चिठ्ठी यांतलं काहीही दाखवायचं नाही, बातमीला ‘परीक्षेच्या ताणाने’ असं एकच कारण चिकटवायचं नाही, आणि पडद्याखालच्या पट्टीवर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठेवायचा. तो क्रमांक निवेदकाने तोंडानेही वाचावा, अंक सुटे करून: एक-चार-चार-एक-सहा.

साधी गोष्ट, पण बरेच जण विसरतात. वॉर्डात लॅपल माइक एका रुग्णाच्या कॉलरवरून दुसऱ्याच्या कॉलरला लावत फिरू नका. हातातला बूम माइक लांबून धरा आणि त्याचं फोमचं आवरण बदला किंवा पुसा. क्षयरोग विभागात एन-९५ मास्क लागतो, नुसता कापडी चालत नाही.

खर्जातला सा

आवाजाचं. निवेदकाचा आवाज बुलेटिनमध्ये बिघडत नाही, दोन बुलेटिनांच्या मध्ये बिघडतो. फील्डवर गोंगाटात ओरडून पीटूसी (कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं) करायचा, मग एसी स्टुडिओत कोरड्या हवेत वाचायचं, मध्ये घसा खाकरत राहायचं. खाकरल्याने दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि आणखी खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. कुजबुजत बोलणंही विश्रांती नाही, उलट त्यात ताण पडतो. एक तर नेहमीच्या सुरात हळू बोला किंवा गप्प बसा.

वाचायच्या आधी पाच मिनिटं एवढं करा. ओठ मिटून ‘म्ऽऽ’ असा गुंजारव खालपासून वर आणि वरून खाली. मग साधी स्ट्रॉ तोंडात धरून तिच्यातून ‘ऊऽऽ’, गाल न फुगवता. मग ओठ फुरफुरवणं. थंड पाणी पिऊ नका असा काही नियम नाही, पण पाणी दिवसभर थोडं थोडं हवं. बुलेटिनच्या पाच मिनिटं आधी प्यायलेली बाटली स्वरतंतूंपर्यंत त्या वेळात पोहोचत नाही.

पहाटेच्या शिफ्टवाल्यांना एक त्रास हमखास होतो. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं व्हायचं आणि पाचला उठायचं. पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं, छातीत जळजळ नसतानाही सकाळी आवाज जाडसर लागतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. घसा बसलेला तीन आठवड्यांच्या पुढे गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्या. गाठी लवकर कळल्या तर आवाजाच्या व्यायामांनी बऱ्याचदा जातात. टॉकबॅकचा इअरपीस रोज एकाच कानात घालू नका, आणि आवाज ऐकू येण्याइतपतच ठेवा.

उच्चारांत आरोग्याच्या शब्दांची स्वतःची वही करा. ‘चाचणी’, ‘जंतू’, ‘जखम’, ‘झटका’ यांतले च, ज, झ दंततालव्य (‘जग’मधल्या ज सारखे) आहेत की तालव्य (‘जीव’मधल्या ज सारखे) ते एकदा तपासून खूण करून ठेवा. ‘जंतू’मधला ज ‘जग’सारखा नाही, ‘जखम’मधला ज मात्र ‘जग’सारखा आहे. गुलेन-बारे, चिकुनगुन्या, झिका हे शब्द वाहिनीने एकदा ठरवावेत आणि सगळ्यांनी तसेच उच्चारावेत. सह्याद्री वाहिनीवरचं प्रदीप भिडे यांचं जुनं वाचन जमेल तिथे ऐका. वाक्याच्या शेवटी त्यांचा सूर पडत नाही, क्रियापदही पूर्ण ऐकू येतं. आजकाल ‘सांगितलं आहे’मधलं ‘आहे’ बहुतेकांच्या वाचनातून नाहीसं झालंय.

रनडाउन

‘आकडा यायच्या आधी लाइव्ह लागलं तर’ याचं उत्तर राहिलं होतं. तीन वाक्यं तयार ठेवा: आत्ता काय पक्कं आहे, काय अजून पक्कं नाही, आणि पुढची अधिकृत माहिती कोणाकडून येणार. उदाहरणार्थ: ‘धायरीतल्या एका रुग्णावर उपचार सुरू आहेत, हे रुग्णालयाने सांगितलं आहे. आजाराचं निदान अद्याप झालेलं नाही. चाचणीचा अहवाल आल्यावर महापालिकेचा आरोग्य विभाग माहिती देणार आहे.’ पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, कानात कोणी ‘आकडा बोल, दुसरीकडे चाललाय’ म्हणालं, तर ‘काही ठिकाणी वेगळे आकडे सांगितले जात आहेत, त्यांना अधिकृत दुजोरा नाही’ एवढंच म्हणा, आकडा उच्चारू नका. तुमच्या तोंडून तो एकदा गेला की क्लिप कापली जाते आणि ‘दुजोरा नाही’ मागे राहतं. (कंट्रोल रूमलाही पीसीआर म्हणतात आणि चाचणीलाही. आरोग्याच्या बुलेटिनमध्ये टॉकबॅकवर कंट्रोल रूमला ‘कंट्रोल’ म्हणायची सवय लावा, गोंधळ वाचतो.)

डॉक्टर पाहुणे बोलावताना शाखा पाहा. जीबीएसवर मेंदूविकारतज्ज्ञ, पाण्यावर सामाजिक वैद्यकशास्त्राचे किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक, मुलांच्या लसीवर बालरोगतज्ज्ञ. एकच ओळखीचे डॉक्टर सगळ्या विषयांवर, हा स्थानिक वाहिन्यांचा जुना दोष आहे. प्रश्न आधी पाठवा, पण ‘लोकांनी घरी काय करावं आणि कधी रुग्णालयात जावं’ हा प्रश्न शेवटी नाही, पहिल्या दोन मिनिटांत विचारा. शेवटी ठेवलात की ब्रेक येतो आणि तो राहतो.

आता अवघड भाग. स्थानिक वाहिन्यांचं उत्पन्न बरंचसं दवाखाने आणि औषधांच्या जाहिरातींवर चालतं. अर्ध्या तासाचा ‘आरोग्य कार्यक्रम’ म्हणून विकलेला वेळ असतो आणि निवेदकाला त्यात बसवतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करून रुग्ण ओढता येत नाहीत. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ प्रमाणे मधुमेह, कर्करोग यांसारख्या यादीतल्या आजारांवर औषधाची जाहिरातच करता येत नाही. ‘मधुमेह मुळापासून बरा’ हे वाक्य तुमच्या तोंडी आलं तर ते वाचायला नकार द्या आणि हा कायदा दाखवा. प्रायोजित भागाच्या वेळी ‘प्रायोजित’ हा शब्द पूर्ण वेळ पडद्यावर हवा, आणि बातम्यांच्या सेटवर, बातम्यांच्याच कपड्यांत तो कार्यक्रम करू नये. कामावर रुजू होतानाच हे संपादकांशी बोलून घ्या. नंतर बोलायला जड जातं.

साथ नसते तेव्हा आरोग्य बीट रिकामं आहे असं समजू नका. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या आज कोणत्या रुग्णालयात रिकाम्या आहेत, ही पुण्यातल्या हजारो घरांना लागणारी बातमी आहे, आणि ती रोज करता येते. पालखीच्या दिवसांत टँकरच्या पाण्यातलं क्लोरीन, गणेशोत्सवात मिरवणुकीच्या मार्गावर आवाज मोजणं. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मोजताना यंत्र भिंतीला लावून धरू नका, परावर्तित आवाजाने आकडा वाढतो. वाऱ्यासाठी त्यावर फोमची टोपी चढवा आणि आकड्यासोबत जागा, वेळ आणि स्पीकरपासूनचं अंतर सांगा.

चुकलात तर दुरुस्ती त्याच बुलेटिनमध्ये, त्याच वेळी, त्याच निवेदकाच्या तोंडून. ‘काल आम्ही अमुक सांगितलं, ते चुकीचं होतं. बरोबर असं आहे.’ चुकीचा आकडा दुरुस्तीत पुन्हा मोठ्या अक्षरांत पट्टीवर दाखवू नका, लोकांच्या लक्षात तोच राहतो. यूट्यूबवरची मूळ क्लिप काढा किंवा वर्णनात पहिल्या ओळीत दुरुस्ती लिहा. हे करणारी वाहिनी निवडा. मुलाखतीत त्यांनी ‘काही विचारायचंय का?’ म्हटलं की विचारा, मागची दुरुस्ती तुम्ही कधी आणि कशी वाचली होती?

अनुस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून चारही कार्यालयांच्या आकड्यांचा रोजचा तक्ता सुरू करते: हद्द, संशयित, निश्चित, वेळ आणि चाचणीचा प्रकार असे पाच रकाने. @साथपाहणी, मृत्यूसाठी वेगळा तक्ता ठेवू की याच्यातच सहावा रकाना?

साथपाहणी

वेगळा. मृत्यूची तारीख आणि समितीने कारण निश्चित केल्याची तारीख, या दोन्ही त्यात लिहा.